बावीस नंबरची नऊवारी

(राज्यातल्या बालवाड्यांच्या आणि प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र)

आदरणीय मुख्याध्यापक बाई आणि सर,



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या, की आमच्या दुकानातला फोन वाजायला लागतो. मी गेली एकवीस वर्षं ड्रेपरीच्या दुकानात बसते. सासऱ्यांनी नाटकमंडळ्यांना पोशाख पुरवायला सुरू केलेलं हे दुकान. पुढे गावोगावची नाटकं कमी झाली आणि तुमच्या गॅदरिंगवर, वेशभूषा स्पर्धांवर ते तरलं. आषाढीची दिंडी, टिळक पुण्यतिथी, गोकुळाष्टमी, बालदिन, गॅदरिंग, सावित्रीबाईंची जयंती, शिवजयंती असं आमचं पंचांग आहे आणि ते तुम्ही लिहिता. शाळेतून सूचनेचा कागद निघतो आणि दुसऱ्या दिवशी पालकांच्या मोबाईलमधून तो आमच्या काउंटरवर येतो. हे पत्र त्या कागदाविषयी आहे. यंदाचे कागद निघायच्या आत ते तुमच्या हाती पडावं, म्हणून घाईने लिहायला बसले.

त्या कागदावर बहुतेक वेळा दोन रकाने असतात. डावीकडे 'मुले', उजवीकडे 'मुली'.

गेल्या डिसेंबरच्या अखेरीस एक आजी नातवाला घेऊन आल्या. पोरगा पहिलीतला. ३ जानेवारीच्या कार्यक्रमासाठी पोशाख हवा होता. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "मला सावित्रीबाई व्हायचंय. दोन साड्या पाहिजेत. एक चिखलाची आणि एक चांगली." वर्गात त्यांच्या बाईंनी गोष्ट सांगितली होती. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की वाटेत लोक अंगावर चिखल टाकायचे, शेण टाकायचे, म्हणून त्या पिशवीत दुसरं लुगडं न्यायच्या आणि शाळेत पोहोचल्यावर बदलायच्या. ती गोष्ट ऐकल्यापासून पोराने घरात एकच धोशा लावला होता. त्याचा बेत पक्का होता. एका साडीला घरूनच चिखल लावून यायचं, स्टेजवर तसंच चालत जायचं, कोपऱ्यात जाऊन दुसरी साडी नेसायची आणि मग फळ्यावर 'अ' काढायचा. मी इतकी वर्षं सावित्रीबाईंचा पोशाख भाड्याने देते. हातात पुस्तक आणि कपाळावर आडवी चिरी याच्यापलीकडे कुणाला काही सुचलेलं मी पाहिलं नव्हतं.

आजींनी मोबाईल पुढे केला. कागदावर लिहिलं होतं: मुले – महात्मा फुले. मुली – सावित्रीबाई फुले. मी म्हटलं, एकदा शाळेत विचारून तरी बघा. त्यांनी काउंटरवरूनच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, की मुलांनी जोतीरावच व्हायचं आहे, फोटोत विचित्र दिसेल, बाकीची मुलं हसतील.

मी बावीस नंबरची शिवलेली नऊवारी काढली होती, ती तशीच काउंटरवर राहिली. पोराला पागोटं बसवलं, उपरणं टाकलं, शिवलेलं धोतर चढवलं. आरशात बघत त्याने विचारलं, "यांच्यावरपण चिखल टाकायचे का?" आजी म्हणाल्या, "टाकला असेल रे." तो म्हणाला, "मग हे कपडे कुठे बदलायचे?" आम्हा दोघींपैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. पागोट्याचं डिपॉझिट घेऊन मी पावती फाडली.

त्या शाळेबद्दल माझ्या मनात राग नाही. उलट त्या बाईंनी गोष्ट किती जीव ओतून सांगितली असेल, की सहा वर्षांच्या मुलाला त्या चिखलातून चालत जावंसं वाटलं! शिकवणं यापेक्षा वेगळं काय असतं? पण वर्गात जे कमावलं ते त्या कागदाने परत घेतलं. तुमच्यापुढे हे मांडायचं धाडस मी त्याच्यासाठी करते आहे.

दोष एकट्या कागदाचा नाही. दुकानात कुणी आलं, की माझा पहिला प्रश्न वर्षानुवर्षं ठरलेला होता: "मुलासाठी हवंय की मुलीसाठी?" आमचे मांडणीचे कप्पेसुद्धा तसेच लावलेले. प्रत्येक पोशाखाची एक पिशवी असते आणि परत आल्यावर मोजून घेता यावं म्हणून आतल्या वस्तूंची यादी पिशवीला जोडलेली असते. दोन पावसाळ्यांपूर्वी धंदा थंड होता, याद्यांचे कागद जीर्ण झाले होते, म्हणून मी त्या सगळ्या नव्याने लिहायला घेतल्या. लिहिता लिहिता हात थांबला. मुलांच्या पिशव्यांत होतं: तलवार, ढाल, भाला, गदा, धनुष्यबाण, पोलिसाचा दंडुका, शिट्टी, स्टेथोस्कोप, दुर्बीण, टाळ, बासरी. मुलींच्या पिशव्यांत होतं: नथ, ठुशी, बोरमाळ, बाजूबंद, कंबरपट्टा, गजरा, गंगावन, मुकुट, पंख. मुलाला हातात धरायला काहीतरी देतो आणि मुलीला अंगावर घालायला. मुलीच्या हातात दिलंच तर घागर, परडी, पूजेची थाळी किंवा डोक्यावर तुळशीवृंदावन. ज्याच्या हातात गदा येते तो ती तिथल्या तिथे फिरवून बघतो, उडी मारतो, काउंटरखाली लपतो. जिच्या अंगावर सात दागिने चढतात तिला आई सांगते, "हलू नकोस, गजरा निघेल. बसू नकोस, चुण्या मोडतील." दहा मिनिटं पोशाख घालून बघण्यात एक मूल पळून घेतं आणि दुसरं उभं राहायला शिकतं. आणि तेही कशात? नऊवारीत, जी कासोटा मारून नेसायची ती शेतात वाकता यावं, चढण चढता यावी म्हणूनच.

मुलींच्या रकान्यातली नावंही एकदा वाचून बघा. जिजाऊ, हिरकणी, यशोदा, रुक्मिणी, भारतमाता. आई, आई, आई, पत्नी आणि पुन्हा आई. या साऱ्याजणी आपल्याला पूज्य आहेत. पण साडेपाच वर्षांच्या मुलीला दर वेळी कुणाची तरी आईच व्हायला सांगायचं, हे मला अलीकडे खटकायला लागलं आहे. झाशीच्या राणीची पिशवी बघा. तलवार असलेली मुलींची आमच्याकडे ती एवढीच पिशवी, आणि त्या तलवारीबरोबर पाठीला बांधायची बाहुली येते. बाहुली नसली तर पालक पिशवी परत करतात. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळच्या शेवटच्या लढाईत राणी घोडेस्वाराच्या, पुरुषाच्या वेशात उतरली होती, पण तो पोशाख आजवर माझ्याकडे कुणी मागितलेला नाही. दुसरीकडे रायबा हे तानाजीच्या मुलाचं नाव आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तानाजीच्या पिशवीत बाहुली टाकावी असं मात्र सासऱ्यांना सुचलं नाही आणि मलाही नाही. राणीची बाहुली काढून घ्या असं मी म्हणत नाही. तशीच एखादी बाहुली मुलांच्या पिशवीतही असू द्या.

प्राण्यांच्या दिवशी वाघ, सिंह, अस्वल मुलांना. फुलपाखरू, चिमणी, मोर मुलींना. पिसारा लांडोरीला नसतो, शिकार बहुतेक वेळा सिंहीण करते, हे तुम्ही त्याच वर्गात शिकवता. एकदा एका बालवाडीतल्या मुलीला मारुती व्हायचं होतं, कारण तिला शेपटी हवी होती. आईने समजूत काढून तिला परी केलं. जाताना ती पंखांना मागे हात लावून लावून चाचपत होती, तिथे शेपूट लागते का ते बघत असावी.

या सगळ्यात एकच दिवस माझ्या दुकानात शांतता असते. भाज्यांचा दिवस. वांगं, टोमॅटो, गाजर, भेंडी, कोबी. भेंडी मुलाची की मुलीची, असं विचारणारा पालक मला एकवीस वर्षांत भेटलेला नाही. मूल येतं, रंग बघतं, बोट दाखवतं, झालं. त्या दिवशी जे जमतं ते बाकीच्या दिवशी का जमू नये, या प्रश्नापासून माझा विचार सुरू झाला.

मुलींच्या बाजूचं दार थोडंफार किलकिलं झालं आहे, हे मला आनंदाने सांगायचं आहे. ढोल-ताशा पथकांत मुली कमरेला ढोल बांधून तासन्तास वाजवतात. गुढीपाडव्याच्या शोभायात्रा डोंबिवलीत १९९९ साली सुरू झाल्या, त्या गावोगाव पसरल्या, आणि आता त्यांच्यासाठी माझ्याकडून मुलींच्या मापाचे फेटे जितके जातात तितके मुलांचे जात नाहीत. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला 'वंदे भारत' चालवत नेली. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, आणि त्या जूनमध्ये दोन आयांनी माझ्याकडे लेकींसाठी लष्करी गणवेश मागितला. १ ऑगस्टला काही शाळा मुलींनाही टिळक होऊ देतात. काजळाने मिशी काढली, की त्या मुली आरशासमोरून हलत नाहीत. रात्री आंघोळ करूनही मिशी पुसू देत नाहीत, असं त्यांच्या आया मला दुसऱ्या दिवशी पगडी परत करताना सांगतात. अशा मुलीचं कौतुक होतं. धीट आहे, मर्दानी आहे, म्हणतात.

मुलांच्या बाजूचं दार मात्र बंद आहे, आणि ते का बंद आहे याचा विचार करताना मला आपल्याच बोलण्याची लाज वाटू लागली. "बांगड्या भरल्यात का?" "बायकांसारखा रडतोस काय?" एखादा अधिकारी काम करत नसला, की मोर्चा काढून त्याला साडी-चोळीचा आणि बांगड्यांचा आहेर करतात, पुष्कळदा तो आहेर करणाऱ्याही बायकाच असतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. जी वस्तू सणाला बायकोला, लेकीला प्रेमाने देतो, तीच पुरुषाला दिली की त्याचा अपमान होतो. मुलगी फेटा बांधते तेव्हा ती आपल्या लेखी एक पायरी वर चढते. मुलगा परकर नेसतो तेव्हा तो एक पायरी खाली उतरतो. मग त्या पायऱ्यांवर बाई कुठे उभी आहे, हे काय वेगळं सांगायला हवं?

आणि हे फक्त त्या मुलालाच कळतं असं नाही, बाई. रांगेत त्याच्या पुढे नऊवारी नेसून, आडवी चिरी लावून जी मुलगी उभी असते, तीही ऐकत असते. "शी, साडी काय नेसतोस, मुलगी आहेस का?" असं कुणी त्याला म्हणतं तेव्हा तिच्या अंगावर तीच साडी असते. आपण जे नेसलो आहोत ते दुसऱ्याने नेसलं तर त्याला लाज वाटते, हे ती त्या दिवशी शिकून घरी जाते. सावित्रीबाईंच्या जयंतीच्या दिवशी.

आमच्या घरात सासऱ्यांचा लहानपणीचा एक फोटो आहे. तीन वर्षांचे असतील. परकर-पोलकं, दोन वेण्या, नाकात सुंकलं. त्यांच्या आधीची दोन भावंडं वारली होती, म्हणून यांना दृष्ट लागू नये यासाठी मुलीसारखं वाढवलं. तेव्हा अशी रीतच होती. नाक टोचलेल्या मुलाचं नाव नथू पडायचं. पाहुण्यांना तो फोटो मीही वर्षानुवर्षं हसत हसत दाखवला. मग कधीतरी त्यामागचा हिशेब लक्षात आला. मुलगी वाटली की नियती दुर्लक्ष करील, कारण मुलगी कुणाला हवी असते? २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींना नवी नावं दिली गेली, तेव्हा ती बातमी वाचून मी त्या फोटोसमोर बराच वेळ उभी होते. त्या काळी परकराने मुलगा वाचायचा आणि आज परकराने मुलाची लाज जाते. दोन्हीच्या मुळाशी एकच समजूत आहे.

पण याच सासऱ्यांकडून मी दुसरीही एक गोष्ट शिकले. त्यांनी तरुणपणी स्त्रीभूमिका केल्या होत्या. नवीन पोरगा स्त्रीभूमिकेला उभा राहणार असला, की ते त्याला प्रयोगाच्या आठ दिवस आधी लुगडं द्यायचे आणि सांगायचे, हे नेसून घरात पाणी भर, केर काढ, चुलीपुढे बस. नेसणं अंगवळणी पडल्याशिवाय चालणं कळत नाही आणि चालणं कळल्याशिवाय बाई कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याचे कपडे घालणं म्हणजे दुसऱ्याच्या जागी काही वेळ राहून येणं, हे त्यांना शाळेत न जाताही माहीत होतं. त्या पहिलीतल्या पोराला दुसरं काय हवं होतं?

आपल्या मातीत हे नवं नाही. तुमच्यापैकी पुण्यातल्या कितीतरी शाळांची गॅदरिंगं बालगंधर्व रंगमंदिरात होतात. ते ज्यांच्या नावाने उभं आहे, ते नारायण श्रीपाद राजहंस १९११ साली 'मानापमान'ची भामिनी झाले आणि पुण्या-मुंबईच्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला, त्यांच्यासारखा गजरा माळायला लागल्या. रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं. त्या चित्रांच्या पलीकडे मेकअपरूममध्ये एखाद्या मुलाला ओढणी डोक्यावर घेतली म्हणून दटावलं जातं, तेव्हा मला फार वाईट वाटतं. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाली ती अण्णा साळुंके या पुरुषाने, आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोघंही त्यांनीच केले. सिंधुदुर्गात दशावताराच्या रंगमंचावर आजही पुरुष लुगडं नेसून उभे राहतात आणि समोर बसलेल्या बाया डोळे पुसतात. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, की पुरुष स्त्रिया व्हायचे कारण बायकांना तिथे पाऊल ठेवायची सोय नव्हती. दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी केवढी निंदा सोसली असेल. ती बंदी परत यावी असं कोण म्हणेल? पण पुरुषाने बाईचा वेश आदराने, मन लावून, तिचं दुःख समजून घेत घालावा, हा संस्कार आपल्याकडे होता, एवढं खरं.

तो संस्कार जाऊन हसू कसं उरलं, ते मी दुकानात बसून पाहिलं आहे. 'अशी ही बनवाबनवी' आला १९८८ साली, आणि तो सिनेमा मलाही अतोनात आवडतो. पण मी दुकानात बसायला लागल्यापासून माझ्याकडे मोठ्या मापाची साडी-ब्लाउज पुरुषासाठी मागितली गेली ती जवळजवळ नेहमी विनोदी स्किटसाठी. टीव्हीवरही तेच. आजच्या मुलांनी साडीतला पुरुष पाहिला आहे तो फक्त हसण्यासाठी. मग वर्गमित्र साडी नेसून आला तर ती हसणार नाहीत तर काय करणार? त्यांना दुसरं काही दाखवलंय कुठे आपण?

दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. वासुदेव घ्या. मोरपिसांची टोपी आणि खाली घेरदार झगा. गिरकी घेतली की फ्रॉकसारखा फुलतो. माझ्याकडे येणारी पोरं तो घालून गरागरा फिरतात आणि एकही बाप त्यांना थांबवत नाही. तेराव्या शतकातल्या ज्ञानेश्वरांना आपण माउली म्हणतो. त्यांनी १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच नेवाशात मोहिनीराजाचं, म्हणजे स्त्रीरूपातल्या विष्णूचं देऊळ आहे. पंढरपूरचा विठोबाही माउलीच. पण आषाढीच्या दिंडीच्या कागदावर लिहिलेलं असतं: मुलांनी टाळ आणि पताका आणावी, मुलींनी तुळस आणावी. वारीत चालणाऱ्या बायकांच्या हातातही टाळ असतात. तुम्हीही ते पाहिलेलं आहे.

पालकांची भीती मला माहीत आहे, ती रोज माझ्याच काउंटरवर बोलली जाते. "आत्ता नेसवली तर सवय लागेल हो." मी एकवीस वर्षांत हजारो मुलांना वाघ केलं, एकही वाघ झाला नाही. पोशाख संध्याकाळी परत येतो, मूल दुसऱ्या दिवशी गणवेशात शाळेत जातं. आणि एखादं मूल खरोखरच वेगळ्या घडणीचं असेल, तर ते माझ्याकडच्या साडीने तसं झालेलं नसतं. त्याला त्या वयात सगळ्यात जास्त गरज कशाची असते, तर आपल्या वर्गात, आपल्या बाईंसमोर भीती न वाटण्याची. तुमच्या शाळेत असं एखादं मूल आज असेल. ते तुम्हाला सांगणार नाही.

२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली. आई आणि बाबा दोघंही भाजी निवडायला बसलेले, डॉक्टर बाई, वाहतूक पोलीस बाई. ते पुस्तक तुमच्याच वर्गात उघडलं जातं. पुस्तकातल्या पानावर जे आलं ते स्टेजवर यायला किती वर्षं लागावीत?

माझी मागणी मोठी नाही. कागदावरची मधली उभी रेघ काढून टाका. एकच यादी द्या: जोतीराव, सावित्रीबाई, फातिमा शेख, राणी लक्ष्मीबाई, तानाजी, डॉक्टर, सैनिक, स्वयंपाकी, रेल्वे चालवणारे, शेतकरी. खाली लिहा, की ज्याला जे व्हायचं असेल त्याने ते व्हावं. यादी आठ दिवस आधी द्या. आदल्या रात्री नऊ वाजता आलेल्या पालकाला मुलाचं मन विचारायला वेळ नसतो, तो मिळेल ते उचलून नेतो आणि मिळेल ते म्हणजे रकान्यातलंच असतं. 'उत्कृष्ट वेशभूषा, मुले' आणि 'उत्कृष्ट वेशभूषा, मुली' अशी दोन बक्षिसं देता, त्याऐवजी ज्या मुलाला आपण कोण झालो आहोत हे नीट सांगता आलं त्याला एक बक्षीस द्या. आणि एखादा मुलगा लुगडं नेसून स्टेजवर आलाच, तर पहिल्या रांगेत बसलेल्या तुमचा चेहरा जसा असेल तसा सगळा हॉल होईल. हे मी विंगेत पोशाख सांभाळत उभी राहून अनेकदा पाहिलं आहे. मुलं आधी स्टेजकडे बघत नाहीत, तुमच्याकडे बघतात.

माझ्याकडून मी काय केलं तेही सांगते. कप्प्यांवरच्या 'मुले', 'मुली' अशा चिठ्ठ्या काढल्या आणि पोशाख नंबराप्रमाणे लावले. राणीच्या पिशवीत घोडेस्वाराचा अंगरखा घालून ठेवला. परीच्या फ्रॉकला खिसे शिवून घेतले. आता कुणी आलं की मी मोठ्या माणसाशी नंतर बोलते; आधी काउंटरवर वाकते आणि मुलाला विचारते, "काय रे, काय गं, कोण व्हायचंय?" कित्येक मुलं गप्प बसतात. इतका वेळ त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. त्यांना पिशव्या उघडून बघू देते. दोन मुलींनी गेल्या गोकुळाष्टमीला राधेची पिशवी बाजूला सारून पेंद्या उचलला. एका मुलाने स्वयंपाक्याची टोपी घातली आणि लाटणं मागितलं, ते आमच्याकडे नव्हतं. घरातलं आणून दिलं.

तो पहिलीतला पोरगा आता दुसरीत गेला. त्याला यंदा चोवीस नंबर लागेल. चोवीसची नऊवारी मी बाजूला काढून ठेवली आहे आणि चिखलासाठी एक विरलेली, काठ गेलेली बावीसची उसवून, सोडून मोठी केली आहे. ती परत आली नाही तरी चालेल, तिचं डिपॉझिटही नको. तुमचा कागद कधी निघतो, तेवढं कळवा.

आपली,
एक ड्रेपरीवाली